गव्हाचा जन्माचा उपवास

अंगाला खाज सुटली की आपल्याकडे माणूस तीन पायऱ्या चढतो. पहिल्या पायरीवर खोबरेल तेल आणि कडुलिंबाचा पाला. दुसऱ्या पायरीवर शेजाऱ्याने सांगितलेली, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली मलमाची ट्यूब. या दोन्हींनी भागले नाही की मग तिसऱ्या पायरीवर दवाखाना. बहुतेक वेळा खरूज किंवा गजकर्ण निघते, नीट उपचार केले की बरे होते आणि विषय संपतो. परंतु थोड्या रुग्णांच्या बाबतीत तो संपत नाही. ट्यूबा संपतात, डॉक्टर बदलतात, वर्षे जातात. खाज मात्र जात नाही. अशा न हटणाऱ्या खाजेची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एका विरळ कारणाविषयी आज लिहीत आहे. विरळ असूनही लिहितो, कारण या विकाराचे खरे औषध स्वयंपाकघरात आहे, आणि ते एकट्या रुग्णाला घेता येत नाही. ते सगळ्या घराला घ्यावे लागते.

या विकाराचे नाव आहे डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील त्वचारोगतज्ज्ञ लुई ड्यूरिंग यांनी १८८४ साली त्याचे वर्णन केले. नाव ऐकून घाबरू नये. नागिणीत जसे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे पुंजके उठतात तसे पुंजके यात दिसतात, म्हणून हे नाव पडले. नागिणीच्या विषाणूशी याचा काहीही संबंध नाही. हा विकार संसर्गजन्यही नाही. एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात नाही, टॉवेल-साबणाने पसरत नाही.

फोड कुठे येतात हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दोन्ही कोपरे, दोन्ही गुडघे, कुल्ले, पाठ आणि डोक्याची त्वचा या त्यांच्या आवडत्या जागा. उजव्या कोपरावर आले की सहसा डाव्यावरही येतात. फोड येण्याआधी त्या जागी आग होते, टोचल्यासारखे होते. मग अशी खाज सुटते की रुग्णाला रात्रीची झोप लागत नाही. डॉक्टरांकडे येईपर्यंत फोड खाजवून फुटलेले असतात आणि दिसतात ते केवळ ओरखडे, खपल्या आणि काळे डाग. साहजिकच खरूज, इसब, अंगावर पित्त उठणे, ढेकणांचा त्रास अशी नावे त्याला मिळत राहतात.

कातडीचा आजार, उगम आतड्यात

आता मूळ मुद्दा. हा त्रास कातडीवर दिसत असला तरी तो सुरू होतो आतड्यात, आणि त्याला निमित्त होतो गहू. कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहिले तर पिठूळपणा वाहून जातो आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. ते ग्लुटेन. पोळी लाटताना तुटत नाही, पाव फुगतो, तो या ग्लुटेनमुळे. गव्हाप्रमाणेच ते जवात म्हणजे बार्लीत, आणि परदेशात पिकणाऱ्या राय नावाच्या धान्यात असते. ज्यांच्यात जन्मतः तशी प्रवृत्ती असते अशा काही लोकांचे शरीर ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच आतड्याचे अस्तर खराब करते. याला सीलिॲक आजार म्हणतात. त्या लढाईत तयार झालेली आयजीए जातीची प्रतिद्रव्ये काही रुग्णांच्या कातडीत येऊन साठतात आणि तिथे फोड उठतात.

हे समजायला वैद्यकशास्त्राला बराच वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला. पोटाच्या या आजाराने खंगलेली मुले त्या उपासमारीत उलट सुधारली आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. डॉ. विलेम डिक हे बालरोगतज्ज्ञ आधीपासूनच गव्हावर संशय धरून होते; त्यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात हा संबंध मांडला. कातडीच्या विकाराचे आतड्याशी असलेले नाते तर १९६६ साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी दाखवून दिले, म्हणजे ड्यूरिंग यांच्या वर्णनानंतर ८२ वर्षांनी. तोवर रुग्ण मलमे लावत राहिले आणि पाव खात राहिले.

गंमत अशी की या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना पोटाची तक्रारच नसते. ना जुलाब, ना पोटदुखी. त्यामुळे "गहू सोडा" असे सांगितले की ते डॉक्टरकडे संशयाने पाहतात. परंतु आतड्याची तपासणी केली तर तिथे बिघाड आढळतो. लोह नीट शोषले जात नाही म्हणून रक्त कमी होते, कॅल्शियम शोषले जात नाही म्हणून हाडे ठिसूळ होतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर आतड्यात लिम्फोमा नावाचा कर्करोग होण्याचा धोकाही, थोडा का होईना, वाढतो.

तपासणीआधी गहू सोडू नका

हे वाचून कोणी उद्यापासून पोळी बंद करील, म्हणून आधीच सांगतो: तसे करू नका. प्रत्येक खाज गव्हाची नसते. उत्तर भारतात सीलिॲक आजार शंभरात साधारण एकाला असल्याचे दिसते, दक्षिणेत त्याहून पुष्कळच कमी. आणि त्यातही कातडीवर फोड येणारे थोडे. निदान दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे रक्तातील प्रतिद्रव्यांची तपासणी. दुसरी, फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा बारीक तुकडा काढून केलेली विशेष तपासणी. हा तुकडा नेहमीप्रमाणे फॉर्मॅलिनमध्ये टाकून चालत नाही, वेगळ्या द्रावणात ठेवून मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. म्हणून हे काम त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात करून घ्यावे. तपासणीच्या आधी काही महिने गहू बंद केला तर रक्ताचा अहवाल चुकीने चांगला येऊ शकतो आणि निदान आणखी लांबते.

निदान पक्के झाले की बहुधा डॅप्सोन नावाची गोळी देतात. हिचा गुण थक्क करणारा आहे. वर्षानुवर्षे खाजवणारा माणूस दोन-तीन दिवसांत शांत झोपतो. मात्र गोळी सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि जी-सिक्स-पीडी या रक्ताच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत, आणि नंतरही ठरल्याप्रमाणे रक्त तपासत राहिले पाहिजे. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडीची कमतरता आहे त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने झपाट्याने फुटू शकतात. गोळी चालू असताना ताप, घसादुखी, धाप, ओठ निळसर होणे किंवा लघवी काळपट होणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

डॅप्सोन हे कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारातलेही एक औषध आहे. आमच्या भागातील एका शेतकऱ्याच्या पाकिटावरचे नाव कोणीतरी वाचले आणि गावात भलताच बोभाटा झाला. एकच औषध दोन आजारांवर चालते, एवढीच त्यातली गोष्ट. आणि कुष्ठरोग असता तरीही, तो औषधाने पूर्ण बरा होतो; बोभाटा करण्यासारखे त्यातही काही नाही.

या गोळीची खरी अडचण वेगळी आहे. ती कातडी शांत करते, आतडे सुधारत नाही. उलट तिच्या आधारावर माणूस बिनधास्त होतो. गोळी चालू असताना दोन पोळ्या खाल्ल्या तरी अंगावर काही उठत नाही, आणि पोटात मात्र नुकसान चालू राहते. गहू कडकडीत बंद ठेवला तर काही महिन्यांत, कधी दीड-दोन वर्षांत, गोळी हळूहळू कमी करता येते आणि अनेकांची ती पूर्ण सुटते. ती कमी करणे डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावे. म्हणजे पथ्य हाच उपचार, आणि गोळी ही तोवरची सोबत.

"एवढ्याशाने काय होतंय?"

या आजारात रुग्णाचे सर्वांत जास्त नुकसान हे एक वाक्य करते. ते म्हणणारे वाईट नसतात. मावशी असते, सासू असते, मित्र असतो. "एक घास माझ्या नावाचा" असा प्रेमाचा आग्रह असतो. म्हणून थोडा हिशेब मांडतो. एका मध्यम पोळीला २५ ते ३० ग्रॅम कणीक लागते. तिच्यात ग्लुटेन असते साधारण दोन ते तीन ग्रॅम, म्हणजे दोन-तीन हजार मिलिग्रॅम. सीलिॲकच्या रुग्णांवरील अभ्यासात रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेले तरी तीन महिन्यांत आतड्याच्या अस्तराला इजा झाल्याचे आढळले आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा चाळिसावा ते साठावा भाग. ताटाच्या कडेला पडलेला चुरा. "एवढ्याशाने" होते ते इतके.

चूक झाली की खाज काही तासांत किंवा काही दिवसांत परतते आणि मग आठवडेच्या आठवडे राहते. नेमके काय खाल्ले ते तोवर आठवत नाही. म्हणून सुरुवातीचे सहा महिने खाल्लेल्या पदार्थांची वही ठेवावी असे मी सांगतो.

चुका बहुधा मोहाने होत नाहीत, माहितीअभावी होतात. पोळी, पाव, बिस्किट, टोस्ट, खारी, शेवया, रव्याचा शिरा-उपमा यांत गहू आहे हे सर्वांना कळते. न कळणाऱ्या जागा अशा:

हिंग. बाजारात मिळणारी हिंगाची पूड नुसती हिंगाची नसते. तिच्यात डिंकाबरोबर मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. आणि आपली आमटी, लोणचे, पापड, चिवडा हिंगाशिवाय होत नाही. डबीवरचे घटक वाचून मैद्याचा हिंग टाळावा.

थालीपिठाची भाजणी. पुष्कळ घरांत तिच्यात गहू असतोच.

सातूचे पीठ. आपल्याकडे ते डाळं आणि गव्हाचे करतात. काही ठिकाणी जवही असतो.

कुरडया. गव्हाचा चीक काढला तरी त्यात ग्लुटेन उरते.

खपली गहू. "हा वेगळा, हा चालतो" असे सांगून तो विकला जातो. तो गहूच आहे. या रुग्णांना मुळीच चालत नाही.

शिवाय माल्ट घातलेली दुधाची पावडर, बिअर, सोया सॉस, मैद्याने दाट केलेले सूप आणि रस्से, आइस्क्रीमचा कोन. स्टँडवरचा बटाटेवडा बेसनाचा असला तरी समोशाच्याच तेलात तळलेला असतो. ओट्स मुळात चालण्याजोगे, पण गव्हाची भेसळ सहज होते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकाबाईंनी पोळी सोडली, बिस्किटे सोडली, हिंगही बदलला. तरी कोपरावरचे फोड जाईनात. शेवटी कारण सापडले ते त्यांच्या सासूबाईंना. सूनबाई रोज रात्री मऊ भातावर मेतकूट घेते आणि मेतकुटात आपण मूठभर गहू भाजून घालतो, हे त्यांच्या एकदम ध्यानात आले. त्यांनी दुसऱ्या दिवशी गव्हाशिवायचे मेतकूट केले, आणि ते सगळ्या घरासाठी केले. काही आठवड्यांत बाईंची कोपरे स्वच्छ झाली. मला या हकिगतीत सासूबाईंचे काम सर्वांत मोठे वाटते.

गिरणी, परात आणि तवा

आता थोडे पुढचे. ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणजे झाले असे नाही. गिरणीत गव्हाच्या मागोमाग ज्वारीचा डबा लावला तर जात्यातले आणि कापडी नळीतले गव्हाचे पीठ आधी त्या डब्यात पडते. काही गिरण्यांत ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असते, तिथेच दळावे. शक्य असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू घालूच नये. जुने जाते माळ्यावर असेल तर तेही कामाला येईल. बेसन आणि तांदळाची पिठीही अशीच दळावी. काही घरांत भाकरी तुटू नये म्हणून पिठात मूठभर कणीक मिसळतात, ते बंद करावे.

रुग्णासाठी परात, तवा, पोळपाट-लाटणे आणि पिठाचा डबा वेगळा हवा. घरात दोन्ही होत असेल तर भाकरी आधी, पोळ्या नंतर. पोळी मोडलेल्या हाताने लोणच्याच्या बरणीत चमचा घालू नये. गहू कातडीला लागून हा आजार वाढत नाही, तो तोंडावाटे गेला तर वाढतो. तेव्हा घरातली बाईच रुग्ण असेल तर कणीक मळल्यावर हात नखांपर्यंत धुवावेत. पण मी तर म्हणेन की घरातल्या इतरांनी पोळ्या करायला शिकावे. सात माणसांच्या पोळ्या लाटून स्वतः कोपऱ्यात भाकरी खाणाऱ्या बाईला "तुझे पथ्य तू सांभाळ" असे सांगणे मला न्यायाचे वाटत नाही.

मला पुष्कळदा सांगतात, "डॉक्टर, आमच्या घरात एवढे सोवळे कसे जमायचे?" मला हसू येते. एकादशीला आपल्या घरात काय असते ते आठवा. उपवासाचे दाणे वेगळ्या डब्यात, भगर वेगळी, भाताचे शीत लागलेला चमचा साबुदाण्याच्या खिचडीत चालत नाही. आजीचा उपवास मोडू नये म्हणून नातवंडेसुद्धा जपतात. "एवढ्याशाने काय होतंय" असे आजीला कोणी म्हणत नाही. म्हणजे शिस्त आपल्या घरांना पुरेपूर माहीत आहे. या रुग्णाचा गव्हाचा उपवास आहे, तो जन्माचा आहे, आणि तो मोडला तर पाप लागत नाही, फोड येतात, एवढे घरातल्या प्रत्येकाने समजून घेतले की निम्मे काम झाले.

सणावाराचेही तसेच. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. तो कपाळाला लावून शेजारच्याच्या हातावर ठेवला तर देव रागावणार नाही. यजमानांनीही रागावू नये. होळीला पुरण वाटीत घेऊन दुधाबरोबर खावे, पोळी नको. गणपतीला उकडीचे मोदक चालतात, तळणीचे नाहीत. दिवाळीत शंकरपाळी, करंजी, रव्याचा लाडू वर्ज्य. बेसनाचा लाडू, भाजणी पाहून चकली, हिंग पाहून पोह्यांचा चिवडा चालतो. लग्नाच्या पंगतीला जाताना घरून भाकरी-चटणी न्यावी आणि संकोच न करता उघडावी.

खायला पुष्कळ उरते

रुग्ण विचारतात, मग आम्ही खायचे काय? भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, भगर, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सर्व डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे, दूध, ताक, अंडी, मासे, मटण. ज्वारीच्या मुलखात आणि कोकणच्या भातखाऊ पट्ट्यात आपल्या आजोबा-पणजोबांचे रोजचे ताट जवळपास हेच होते; गव्हाची पोळी सणाला व्हायची. तेव्हा शहरातून महागडी ग्लुटेनविरहित बिस्किटे मागवण्याची गरज नाही. पाकीटबंद काही घ्यायचेच तर घटकांची यादी वाचावी. आपल्या देशातील नियमानुसार "ग्लुटेनमुक्त" म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. मिठात आयोडीन असते म्हणून काहीजण मीठच बदलतात. नेहमीचे आयोडीनयुक्त मीठ सोडण्याचे कारण नाही. आयोडीनची मोठी मात्रा असलेली औषधे मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावीत.

ज्यांना हा आजार नाही त्यांनी केवळ फॅशन म्हणून गहू सोडू नये. गव्हात दोष नाही. दोष त्या विशिष्ट शरीराच्या आणि गव्हाच्या गाठीत आहे.

एक मागणीही नोंदवतो. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो. गरीब घरातल्या अशा रुग्णाला त्याच्या वाट्याच्या गव्हाचा उपयोग नसतो, आणि ज्वारीही आता स्वस्त राहिलेली नाही. इटलीत अशा रुग्णांना ग्लुटेनविरहित अन्नासाठी सरकारकडून दरमहा मदत मिळते. आपल्याकडे निदान डॉक्टरी दाखल्यावर गव्हाऐवजी तेवढ्याच वजनाचा तांदूळ किंवा ज्वारी मिळावी. रुग्ण थोडे आहेत, त्यामुळे खर्चही थोडाच येईल.

कोपर, गुडघे आणि कुल्ल्यांवर दोन्ही बाजूंनी सारखे, आग होऊन खाजणारे फोड महिनोन्‌महिने येत असतील, तर चिठ्ठीशिवायची ट्यूब बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. निदान झाले तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांची रक्त तपासणीही करून घ्या, कारण ही प्रवृत्ती रक्ताच्या नात्यात उतरते. आणि तुमच्या घरात, शेजारात किंवा कचेरीत असा कोणी रुग्ण असेल, तर त्याने "नको" म्हटल्यावर दुसऱ्यांदा आग्रह करू नका. त्याच्या औषधातला तेवढा वाटा तुमच्या हातात आहे.